कात्री कुणाच्या हातात?

ताई, मी नाशिकला पाथर्डी फाट्याजवळ राहत्या घरात पाळणाघर चालवते. पहिली ते चौथीची सोळा मुलं शाळा सुटल्यावर येतात, साडेसहा-सातपर्यंत असतात. आईवडील बहुतेक अंबड-सातपूरच्या कंपन्यांत. दिवाळीनंतर मी कृतियुक्त शिक्षणाची एक दिवसाची कार्यशाळा केली. तिथे बेचाळीस ॲक्टिव्हिटींची यादी मिळाली. रोज एक घ्यायची ठरवलं. रात्री अकरा-अकरापर्यंत कार्डपेपर कापले, गुणाकाराची चाकं केली, शब्दांची फुलपाखरं केली. मुलांनी दहा मिनिटांत सगळं उडवून लावलं. गोंधळ इतका, की खालच्या काकू वर आल्या. होमवर्क राहायला लागला तशी दोघा पालकांनी सुनावलं, ‘खेळायला घर आहे, आम्ही अभ्यासाचे पैसे देतो.’ एकीने मूल काढून क्लासला घातलं. दुसरीतला एक मुलगा कशातच भाग घेत नाही, नुसता बघत बसतो. आता मी पुन्हा वह्या काढून बसवायला लागले आहे. घरात शांतता आहे, पण मला चैन नाही. हे कृतीतून शिकणं मोठ्या शाळांनाच परवडतं का?
– पाळणाघरवाली

ताई,

तुमचं पत्र दोनदा वाचलं आणि दुसऱ्या वेळी एका वाक्याखाली पेन्सिलीने रेघ मारली. रात्री अकरापर्यंत तुम्ही कार्डपेपर कापत होतात. गुणाकाराचं चाक करायचं म्हणजे वर्तुळ आखायचं, त्याचे सारखे दहा भाग पाडायचे, कुठल्या भागात काय येणार ते ठरवायचं, चुकलं की खोडायचं. एवढं सगळं डोकं तुम्ही चालवलंत. मुलांच्या वाट्याला चाक फिरवणं तेवढं उरलं, आणि ते दहा मिनिटांत संपणारच होतं. तुमच्या घरात त्या आठवड्यात कृतीतून कुणी शिकलं असेल तर ते तुम्ही.

टोमणा नाही हा. मी याहून मोठा घोळ घालून बसले आहे. नोकरीच्या सुरुवातीला तिसरीच्या वर्गाचा बाजार भरवला होता. नाशिकरोडला देशाच्या नोटा छापतात, तर आपल्या मुलांनी निदान कागदी नोटा छापाव्यात, असा माझा थोर विचार. पण नोटा मीच छापल्या, दरांच्या पाट्या मीच रंगवल्या, आणि ऐन बाजाराच्या दिवशी भेळेच्या पातेल्यामागे आया उभ्या. सुट्टे पैसे आया मोजत होत्या, मुलं भेळ खात होती. फोटो छान आले. सोमवारी फळ्यापाशी उभं राहून विचारलं, पन्नासातून सदतीस गेले तर किती परत द्यायचे? वर्ग गप्प.

तेव्हापासून कुठलीही ॲक्टिव्हिटी कुणी दाखवली की मी एवढंच बघते, की यात विचार कोण करतंय. टाळ्या वाजवत, उड्या मारत पाढे म्हणणारी मुलं बघायला गोड दिसतात, पण डोकं तिकडे असेलच असं नाही. उलट कोपऱ्यात मुकाट्याने चिंचोके इकडून तिकडे सरकवणारी मुलगी मनात केवढी तरी उलाढाल करत असते. तुमच्या कार्यशाळेत हा फरक सांगितला होता की नाही कोण जाणे. बेचाळीसची यादी देणाऱ्यांना सहसा त्रेचाळिसावी सुचवायची घाई असते.

आणि मोठ्या शाळांना परवडण्याचं म्हणाल तर आपल्याकडे हे काम वाढलं ते फाटक्या साधनांवर. ताराबाई मोडकांनी १९४५ साली बोर्डीला बालशिक्षणाचं काम सुरू केलं, अनुताई वाघ त्यांना येऊन मिळाल्या, पुढे दोघी कोसबादच्या टेकडीवर गेल्या. आदिवासी पाड्यांवरची मुलं शाळेत येईनात, तर शाळाच अंगणात नेली. गुरं राखणाऱ्या पोरांसाठी कुरणात शाळा भरवली. शिकवायचं साहित्य म्हणजे शिंपले, बिया, पानं, खडे. तुमच्याकडे निदान पंखा आणि फळा आहे.

आता मुद्द्याचं. तुमची मुलं येतात तेव्हा शाळेचा अख्खा दिवस खर्चून आलेली असतात. फेब्रुवारी २०२४ मध्ये सरकारने चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी नऊच्या आधी भरवू नका असं सांगितलं. मुलांच्या झोपेसाठी ते बरंच झालं, पण दिवस तेवढा पुढे सरकला. ज्यांच्या शाळांनी वेळ बदलली त्यांना तुमच्याकडे पोचायला साडेचार वाजत असतील. त्या वेळेला कुणी माझ्यापुढे फुलपाखरू धरून ‘यावर विशेषण चिकटव’ म्हटलं असतं तर मीही ते उडवून लावलं असतं. पहिला अर्धा तास हातपाय धुणं, खाणं, लोळणं, भांडणं. त्यात काही शिकवू नका. खाऊ मात्र मुलांना वाटू द्या.

खाऊबद्दल मी जरा लांबण लावणार आहे. मला विचाराल तर तुमच्याकडचा गणिताचा सगळ्यात चांगला तास तिथेच दडलेला आहे.

सध्या द्राक्षांचे दिवस आहेत. थॉमसन, सोनाका, काळी शरद, जे स्वस्त मिळेल त्याचा एक भरगच्च घड आणा. मिठाच्या पाण्यात ठेवून, स्वच्छ धुऊन ताटात ठेवा आणि विचारा, यात मणी किती असतील? आधी अंदाज, प्रत्येकाचा, फळ्यावर नावासकट. पहिलीतलं मूल ‘हजार’ म्हणेल, कुणी ‘तीस’ म्हणेल. हसू नका, दुरुस्तही करू नका. मग मोजायचं. मुलं एकेक मोजायला लागतील, पंचेचाळिसाला कुणीतरी मध्ये बोलेल आणि आकडा हरवेल. दोनदा हरवू द्या. तिसऱ्यांदा एखादी तिसरीतली मुलगी म्हणेलच, की आपण दहा-दहाचे ढीग करू. कुणीच म्हणालं नाही तर नुसत्या वाट्या आणून मध्ये ठेवा. एका वाटीत दहा. दहा वाट्या झाल्या की त्या एका ताटात. शेवटी समोर दिसतं, एक ताट, चार वाट्या, सुटे सात. १४७. शतक, दशक, एकक ही नावं तुम्ही उच्चारली नाहीत तरी चालतील, ती शाळा सांगते.

आता सोळा जणांत वाटा. पहिली-दुसरीची मुलं एकेक करत वाटतील, चौथीची भागाकार काढतील. दोन्ही होऊ द्या आणि उत्तर जुळतंय का ते त्यांनाच बघू द्या. प्रत्येकाला नऊ आले, तीन उरले. या उरलेल्या तिनांवरून जी सभा भरेल तिच्यात तुम्ही तोंड घालू नका. ज्याचा अंदाज सगळ्यात जवळचा त्याला द्यावेत, सगळ्यात लहान तिघांना द्यावेत, कापून वाटावेत, असे वाद होतील. माझ्याकडे एकदा वरचे मणी शिपाईमामांना गेले होते. तुमच्याकडे खालच्या काकू आहेतच.

हंगाम सरला की भुईमुगाच्या शेंगा. एकदाणी, दोनदाणी, तीनदाणी टरफलं वेगवेगळ्या रांगांत लावायची. कुठली रांग लांब झाली ते लांबूनच दिसतं. चौथीच्या पुस्तकातला चित्रालेख फरशीवर तयार झालेला असतो, आणि तो वहीत उतरवायला मुलं कुरकुरत नाहीत, कारण दाणे पोटात गेलेले असतात.

होमवर्कचं काय, असं तुम्ही मघापासून मनात म्हणत असाल. होमवर्कला मी शत्रू समजत नाही आणि त्याची पूजाही बांधत नाही. अमेरिकेतल्या हॅरिस कूपर यांनी गृहपाठावरचे अभ्यास वर्षानुवर्षं गोळा करून तपासले. २००६ सालच्या त्यांच्या आढाव्यात वरच्या वर्गांत गृहपाठ आणि गुण यांचा संबंध बऱ्यापैकी दिसतो, प्राथमिकच्या मुलांत मात्र अगदी पुसट. त्यांच्याच नावाने ओळखला जाणारा ढोबळ हिशेब म्हणजे दर इयत्तेला दहा मिनिटं. पहिलीला १०, चौथीला ४०. तेवढा वेळ तुम्ही रोज द्या, ठरलेल्या वेळी, न चुकता. त्यापलीकडे उरलं तर वहीत तशीच ओळ लिहा, ‘एवढा वेळ बसून केलं, एवढं राहिलं.’ मुलाचं अक्षर काढून तुम्ही पूर्ण करू नका. हसू नका, मला अशी पाळणाघरं माहीत आहेत.

आणि त्या चाळीस मिनिटांतही मुलांनाच बोलतं करता येतं. दोन सवयी लावा, तिसरी नको.

पहिली सवय, आधी आठव, मग उघड. दप्तर उघडण्याआधी पुस्तक बंद ठेवून मुलाने शेजारच्याला सांगायचं, आज शाळेत काय झालं. चौथीतला शिवछत्रपतींचा धडा घेऊन बसला असेल तर त्याने न बघता प्रतापगडाची गोष्ट सांगायची, अडलं की अडू द्यायचं, मग पुस्तक उघडून तेवढंच शोधायचं. रोडिगर आणि कार्पिके या दोन मानसशास्त्रज्ञांनी २००६ मध्ये हे पडताळून पाहिलं होतं. एकाच उताऱ्याची एका गटाने पुन्हा पुन्हा पारायणं केली, दुसऱ्याने वाचून नंतर न बघता आठवून लिहिलं. पाच मिनिटांनी विचारलं तेव्हा पारायणवाले पुढे होते. आठवड्याने विचारलं तेव्हा आठवणारे पुढे गेले. ती मुलं कॉलेजातली होती, तुमच्या आठ वर्षांच्या मुलांवर ते जसंच्या तसं लागू पडेल असं मी म्हणणार नाही. पण दहा वेळा वाचून ‘झालं पाठ’ म्हणणारं आणि दुसऱ्या दिवशी पाटी कोरी असणारं मूल तुम्हीही रोज बघताच.

दुसरी सवय जोडीची. एकट्याने विचार कर, जोडीदाराला सांग, मग सगळ्यांना सांग. अमेरिकेतले फ्रँक लायमन यांनी १९८१ मध्ये ही साधी रीत मांडली. तुमच्याकडे ती अशी दिसेल. दुसरीतली मुलगी ४७ आणि ३८ ची बेरीज ७१५ लिहून आणते. सात आणि आठ पंधरा, चार आणि तीन सात, दोन्ही शेजारी मांडले, झालं. तुमचा हात लाल पेनकडे जाईल. जाऊ देऊ नका. जोडीदाराला विचारा, ‘दोन्ही मिळून शंभराच्या वर जातील का रे?’ तो विचार करेल, म्हणेल नाही जाणार, दोन्ही पन्नासच्या आतले आहेत. मग ७१५ कुठून आले? आता दोघं मिळून शोधतील. नाही सापडलं तर वाट्या आणि चिंचोके आहेतच. हे व्हायला सहा-सात मिनिटं लागतील, आणि त्या दिवशी पाच गणितांऐवजी दोनच होतील. होऊ देत.

इथेच एक मराठी भानगड सांगते. सत्तेचाळीस लिहायला सांगितलं की ७४ लिहिणारी मुलं तुमच्याकडेही असतील. यात मुलाचं काही चुकत नाही. आपण बोलताना सात आधी म्हणतो आणि लिहिताना चार आधी लिहितो. २०१९ मध्ये बालभारतीने दुसरीच्या पुस्तकात ‘वीस एक, वीस दोन’ असं वाचन दिलं, तेव्हा अख्ख्या महाराष्ट्राने त्याची टिंगल केली. टिंगल काहीही असो, अडचण खरी होती. त्यातून तुमच्याकडची निम्मी मुलं इंग्रजी माध्यमाची असणार, शाळेत फोर्टी सेव्हन आणि घरी सत्तेचाळीस. तुम्ही दोन्ही बोला. ‘चाळीस आणि सात, सत्तेचाळीस.’ एकोणसाठला मात्र काही इलाज नाही, तिथे नुसता सराव. तंबोला खेळा, आकडे मराठीतून पुकारा, पुकारायचं काम आळीपाळीने मुलांकडे.

ठरवून घ्यायची मोठी कृती आठवड्यात एकच. शुक्रवारी, होमवर्कचा ताण नसतो तेव्हा. आणि ती दोन-तीन आठवडे चालली तरी बिघडत नाही. ‘आपल्या नळाला पाणी कुठून येतं’ हा विषय घ्या. सोळा मुलांचे चार गट. एकाने वॉचमनदादांना विचारायचं, मोटर कधी लावता, टाकी भरायला किती वेळ लागतो. दुसऱ्याने आजी-आजोबांना विचारायचं, तुमच्या लहानपणी पाणी कुठून आणायचात. तिसऱ्याने नकाशावर गोदावरी शोधायची, ब्रह्मगिरीपासून निघून गंगापूर धरणातून रामकुंडाकडे आणि पुढे १,४६५ किलोमीटर जाऊन समुद्राला कशी मिळते. चौथ्याने घरी एका दिवसात किती बादल्या लागतात ते मोजायचं. पुढच्या शुक्रवारी गट मोडायचे आणि नवे असे करायचे, की प्रत्येकात चारही गटांतला एकेक जण येईल. आता प्रत्येकाकडे एक तुकडा आहे आणि तो दुसऱ्या कुणाकडे नाही, त्यामुळे सांगावंच लागतं आणि ऐकावंच लागतं. ही युक्ती एलियट ॲरन्सन या मानसशास्त्रज्ञांनी १९७१ मध्ये टेक्सासातल्या ऑस्टिनला काढली. तिथे गोऱ्या आणि काळ्या मुलांना नुकतंच एका वर्गात बसवलं होतं आणि वर्गात रोज धुसफूस चालायची. एकमेकांवाचून अडायला लागलं की बोलणं भाग पडतं. पहिलीतली मुलं एवढं लक्षात ठेवू शकणार नाहीत, त्यांना मोठ्याबरोबर जोडीने फिरवा.

तिसरी-चौथीच्या हाताला काम हवं असेल तर टाकाऊ वस्तूंतून विज्ञानखेळणी करणाऱ्या अरविंद गुप्तांची काड्यापेटीच्या काड्यांची आणि सायकलच्या व्हॉल्व्ह ट्यूबची खेळणी करा. गूळ... नाही, गुल म्हणतात त्याला, ते काडीच्या टोकाचं तुम्ही आधी खरवडून काढा. चौकोन केला तर तो दाबल्यावर कलंडतो, त्रिकोण हलत नाही. का, ते सांगू नका. चार दिवसांनी एखादा पोरगा रस्त्यातून ओरडत येईल, की विजेच्या टॉवरला सगळीकडे त्रिकोणच आहेत.

खालच्या काकूंचं म्हणणं मला पटतं. सोळा मुलं टाइल्सवरून खुर्च्या ओढत असतील तर मीही वर आले असते. सतरंज्या अंथरा, खुर्च्या हटवा. भांडी बाजारातून एक छोटी पितळेची घंटा आणा. ती वाजली की सगळ्यांनी हातातलं खाली ठेवून बघायचं, हा एकच नियम. घसा कोरडा करून ‘गप्प बसा’ ओरडण्यात निम्मा आवाज तुमचाच असतो. सगळी मुलं एकाच वेळी एकच करतायत असा हट्टही सोडा, चौघं वाट्यांशी, चौघं पुस्तकाशी, बाकीची खाली पार्किंगमध्ये, असं केलं की घर निम्मं शांत होतं. पार्किंगमध्ये तुमच्याखेरीज एखादं मोठं माणूस लागेल, त्याची सोय बघा. आणि तिथे काही घेऊ नका. नुसतं खेळू द्या, कंटाळू द्या.

बघत बसणाऱ्या मुलाला ओढून आणू नका. काही मुलं कडेला बसून आधी सगळं मनात पार पाडतात. त्याला अंदाज लिहून घ्यायचं काम द्या, फळ्यापाशी, पाठ सगळ्यांकडे. तो बोलतो का, कुणाबरोबर खेळतो का, नावाने हाक मारल्यावर बघतो का, हे दोन-तीन आठवडे नुसतं टिपा. कशालाच प्रतिसाद नसेल तर त्याच्या आईला एकटीला गाठून सांगा, दारात सगळ्यांदेखत नको.

राहिले पालक. ‘आम्ही अभ्यासाचे पैसे देतो’ म्हणणाऱ्या बाईंचा राग धरू नका. त्या साडेसहाला अंबडहून सुटतात, सातला घरात शिरतात, कणीक मळता मळता ‘वही दाखव’ म्हणतात, आणि वही कोरी निघाली की रात्रीची रड ठरलेली. त्यांना तुमचं तत्त्वज्ञान नकोय, वही पूर्ण हवी आहे. ठरल्या वेळी होमवर्क होणार, याची हमी द्या आणि ती पाळा. गुणांची हमी देऊ नका. बाकी समजावत बसण्यापेक्षा मूल न्यायला कुणी आलं की मुलालाच दारात एक गोष्ट दाखवून जाऊ द्या. ‘आई, मी ऐंशी म्हटले होते, निघाले एकशे सत्तेचाळीस.’ गाडीवर मागे बसून ते मूल उरलेल्या तीन मण्यांचं रामायण सांगत जाईल, तेवढं पुरे. ज्यांनी मूल क्लासला घातलं त्यांना जाऊ द्या. जागा भरेल.

यादीचं काय करायचं? फाडू नका, तिच्या पाठकोऱ्या बाजूला अंदाज लिहायला जागा आहे. उरलेला कार्डपेपर मुलांपुढे ठेवा, चाक हवंय म्हणा, आणि दहा सारखे भाग कसे पाडायचे ते त्यांचं त्यांना बघू द्या. पहिलं चाक वाकडं होईल. बोथट टोकाच्या कात्र्या आणा, पण सोळा आणू नका. पाच पुरेत. मागून घ्यायला लागेल.